लग्नकार्यांतील विसार, बोली आणि पावती

तुळशीचें लग्न लागलें कीं खेडोपाडीं सोयरिकींचीं बोलणीं सुरू होतात, आणि माघ-फाल्गुनांत तालुक्याच्या गांवीं मंगल कार्यालयाच्या कचेरींत, मांडववाल्याच्या गोदामांत व आचाऱ्याच्या ओसरीवर आमचे शेतकरी बंधु विसाराचे पैसे मोजतांना दिसूं लागतात. सोयाबीनची पट्टी घेतांना जो गृहस्थ आडत्याच्या कांट्याकडे डोळा लावून बसतो, हमाली-तोलाईचा एकेक रुपया विचारतो आणि पट्टी हातीं पडल्यावांचून बाजार समितीच्या आवारांतून हलत नाहीं, तोच गृहस्थ मांडवासाठीं पन्नास हजार रुपये वहीच्या एका चिटोऱ्यावर, पुष्कळदां तेंही न घेतां, देऊन येतो. ह्या विसंगतीबद्दल चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. प्रस्तुत लेखकाची उमेद महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत, फेरफार, बोजे आणि तक्रारी अर्ज ह्यांच्या सहवासांत गेली. त्यामुळें लग्नाचा खर्च जमिनीच्या कागदावर कोठें व कसा उतरतो, हें त्यास जवळून पाहावयास मिळालें आहे.

शेतकरी लग्नापायीं बुडतो, असें व्याख्यानांतून नेहमीं ऐकूं येतें. हें म्हणणें मला सरसकट मान्य नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांची सुरुवात १२ मे रोजीं सुपें येथें झाली. पुढें त्यांच्या चौकशीसाठीं सरकारनें कमिशन नेमलें. त्या वेळच्या गोऱ्या अंमलदारांसही लग्नखर्चाचा हा आरोप तोंडपाठ होता. परंतु कमिशननें चौकशीअंतीं असें नमूद केलें कीं, कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. असे प्रसंग आयुष्यांत थोडे येतात, आणि कर्जाचें मूळ त्यांत क्वचितच सांपडतें. दीडशें वर्षांनंतरही हा अभिप्राय मला बराचसा खरा वाटतो. मुलीच्या लग्नांत चार माणसें जेवूं घालणें हा गुन्हा नव्हे. घात होतो तो दोन ठिकाणीं : पैसा कोठून आणला, आणि तो कोणत्या बोलीवर दुसऱ्याच्या हातीं दिला.

पहिल्या गोष्टीबद्दल थोडक्यांतच लिहितों. खरिपाचें पीककर्ज हातीं येण्याचा काळ आणि वैशाखाचे मुहूर्त हे एकमेकांस खेटून असतात. बियाणें-खतांसाठीं उचललेली रक्कम मांडवांत जाते. मृग लागला म्हणजे तेंच बियाणें कृषि-केंद्रांतून उधारीवर, दुकानदार सांगेल त्या भावानें आणावें लागतें. आणि पुढल्या वर्षीं कर्ज थकून वेळेवर फेडणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलतही हातची जाते. त्यानंतर जो इसम घरीं येऊन पैसे देतो, तो बहुधा बिगरपरवान्याचा असतो, आणि तारण म्हणून खरेदीखतच लिहून मागतो. अशा खरेदीखतांचे फेरफार मंजूर होतांना मीं पाहिले आहेत. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणें अवैध सावकारींत गेलेली जमीन परत मिळविण्यासाठीं जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागतां येते खरी. परंतु व्यवहार उसनवारीचा होता, विक्रीचा नव्हे, हें दाखविण्याइतका पुरावा किती जणांपाशीं असतो?

आतां दुसरी गोष्ट, जी ह्या लेखाचा खरा विषय आहे.

पूर्वीं हीं सर्व कामें गांवगाड्यांतच होत. कुंभारानें मडकीं आणावीं, गुरवानें पत्रावळी लावाव्या, परिटानें पायघड्या घालाव्या, वाजंत्रीं गांवचींच असावीं. गांवोगांव थोडा फरक असे इतकेंच. महसूल खात्यांतच नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ ह्या पुस्तकांत बलुतेदारांचे हक्क व कामें विस्तारानें वर्णिलीं आहेत. जिज्ञासूंनीं तें अवश्य पाहावें. ती व्यवस्था मोडली ह्याचें दुःख मानण्याचें मला कारण दिसत नाहीं. तींत कित्येकांवर जन्मानें काम लादलें जाई आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असे. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं, हें योग्यच झालें. आज वाजविणारा दर सांगतो आणि तो पटला तरच येतो. ह्यांत त्याचा मान आहे, तसा आपलाही आहे.

परंतु त्या जुन्या रीतींत एक गोष्ट होती, तिची जागा आपण दुसऱ्या कशानेंच भरून काढलेली नाहीं. बलुतेदार व कुणबी एकमेकांस बारा महिने तोंड दाखवीत. आज चुकला तर उद्यां खळ्यावर गांठ होती. आजचा मांडववाला वीस कोसांवरचा. त्याचें आपलें काम आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां. जेथें ओळखीचा धाक उरला नाहीं, तेथें कागदाचा धाक पाहिजे. आमच्या लोकांस मात्र कागद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें वाटतें. “शुभ कार्यांत कसली लिखापढी?” असें म्हणणारे वडीलधारे प्रत्येक घरीं असतात. ह्याच वडीलधाऱ्यांनीं सख्ख्या भावाशीं झालेल्या वाटण्या मात्र नोंदवून घेतलेल्या असतात!

आमच्या नात्यांतील एका गृहस्थाच्या घरचा प्रकार सांगतों. अक्षय्य तृतीयेचें लग्न, मांडववाल्यास तीन महिने आधीं पंचवीस हजार रुपये रोख दिलेले, पावती नाहीं. त्यानें त्याच दिवसाचें दुसरेंही काम घेतलें होतें, तें अधिक मोठें होतें, आणि सामान तिकडे गेलें. पहांटे फोन केला तर तो लागेना. शेवटीं शाळेच्या पटांगणांत, शेजारच्या दोन गांवांतून मागून आणलेल्या ताडपत्र्यांखालीं अक्षता पडल्या. दोन महिने खेटे घातल्यावर विसार परत मिळाला. परंतु आयत्या वेळीं झालेल्या खर्चाचा एक पैसाही मिळाला नाहीं. कागद असता तर मांडववाला देव झाला असता असें नव्हे. पण दोन विसारांपैकीं कोणता बुडवावा हें ठरवितांना त्यानें ज्याच्यापाशीं लेख आहे त्याचा नक्कीच विचार केला असता.

लेख फार मोठा नको. एक पानभर पुरतो. मात्र त्यांत तारीख व किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय व किती, दर कशावर, कर धरून कीं कर वेगळा, विसार किती, बाकी केव्हां, हें स्पष्ट पाहिजे. “चांगला मांडव” ह्या शब्दांस कांहीं अर्थ नाहीं. किती लांब, किती रुंद, छत कापडी कीं पत्र्याचें, खुर्च्या किती, पंखे किती, पाऊस आल्यास काय, असें लिहावें. सर्वांत महत्त्वाचें कलम आपण नेहमीं गाळतों, तें असें कीं ठरलेलें काम न झाल्यास तो काय देईल आणि लग्न मोडल्यास अथवा पुढें गेल्यास आपण काय देऊं. छापील पावतीच्या पाठीमागें बारीक अक्षरांत “विसार कोणत्याही परिस्थितींत परत मिळणार नाहीं” असें असतें. तें वाचून, न पटल्यास खोडून, त्यावर दोघांनीं सही करावी. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें करारांत लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. तींतून वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. म्हणजे छापील वाक्य हा कांहीं वेदमंत्र नव्हे. करार मुद्रांकावर करावयाचा तर महाराष्ट्रांत २०२४ च्या ऑक्टोबरपासून पूर्वींच्या शंभराऐवजीं पांचशें रुपयांचा कागद लागतो. मोठ्या कामास तो खर्च जड नाहीं. लहान कामास साध्या कागदावरील सह्या आणि पावती हीं तरी असावींतच. पांच हजारांवरील रोख पावतीस एक रुपयाचें महसुली तिकीट लावून घ्यावें. पैसे फोनवरून पाठविणें अधिक बरें, कारण त्याची नोंद बँकेंतच राहते. मात्र पाठवितांना कोणत्या कामाचा विसार तें शेऱ्यांत लिहावें, आणि रक्कम ज्याच्याशीं बोली झाली त्याच्याच खात्यावर पाठवावी, त्याच्या मेहुण्याच्या नव्हे.

निवड करतांना आपण बहुधा दर विचारतों. विचारावयाचें दुसरेंच असतें. मागल्या वर्षीं त्यानें कोणाचीं कामें केलीं, त्यांपैकीं दोन घरीं स्वतः जाऊन यावें. कामाच्या दिवशीं तो स्वतः हजर राहणार कीं काम दुसऱ्यास पोटकंत्राटानें देणार, हें तोंडावर विचारावें. आणि त्या तिथीस त्यानें आणखी किती कामें घेतलीं आहेत, हा प्रश्न तर सोडूंच नये. मालाची आवक दाटली कीं भाव पडतो आणि मागणी दाटली कीं चढतो, हें शेतकऱ्यास काय शिकवावें? अक्षय्य तृतीयेस प्रत्येक आचारी, प्रत्येक वाजंत्री, प्रत्येक घोडेवाला राजा असतो. त्याच पंधरवड्यांतला आडवारचा, कमी गर्दीचा मुहूर्त धरला तर तींच माणसें, तेंच सामान, बरेंच सौम्य बोलूं लागतात. चातुर्मासांतसुद्धां अडचणीच्या प्रसंगासाठीं गौण काळांतले मुहूर्त पंचांगकर्ते देत असतात. आपल्या उपाध्यायांस विचारून पाहावें. तारीख आधीं ठरवून मग दराची घासाघीस करणें म्हणजे बैल सोडून दिल्यावर दावें घट्ट करण्यासारखें आहे.

जेवणाच्या कामांत सर्वांत अधिक पैसा आणि सर्वांत अधिक घोळ असतो. दोन पद्धति आहेत. एकींत शिधासामुग्री आपली, आचाऱ्यास व त्याच्या माणसांस मजुरी. दुसरींत सर्व त्याचें, आपण ताटामागें दर द्यावयाचा. शहरी लोकांस दुसरी सोयीची. शेतकऱ्याच्या घरीं मात्र गहूं आहे, तूरडाळ आहे, कांदा आहे, कोठें गूळ आहे. तेव्हां पहिलीच पद्धत परवडते असें माझें मत आहे, जर घरांत कोठी सांभाळणारें एक खंबीर माणूस असेल तर. माणशीं शंभर ग्रॅम तांदूळ धरले तर हजार पानांस एक क्विंटल होतात. अशीच प्रत्येक जिनसेची यादी आचाऱ्याकडून आठ दिवस आधीं लिहून घ्यावी आणि दुसऱ्या जाणत्या आचाऱ्यास दाखवावी. कोठीची किल्ली मात्र घरच्या माणसाच्याच कनवटीस असावी. कोठीवर कोणी नसेल तर तेलाचे डबे मोजून येतात आणि न मोजतां जातात.

ताटावर ठरविलें तर तंटा मोजणींत होतो. दर दीडशें रुपये आणि बोली आठशें पानांची, म्हणजे एक लाख वीस हजार. जेवणें उरकल्यावर तो म्हणतो हजार पानें झालीं. तीस हजारांचा फरक, आणि मोजलीं कोणीं? रिकाम्या ताटांच्या चळती पुन्हां धुऊन आल्या कीं दोनदां मोजल्या जातात. म्हणून ताटें आरंभींच दोघांसमक्ष मोजून एका ठिकाणीं ठेवावीं, अथवा पानामागें चिठ्ठी द्यावी. आणि ठरलेल्या संख्येपेक्षां शेंकडा दहापर्यंत अधिक झालीं तर दर तोच राहील, हें आधींच लिहावें. उलट पाहुणे कमी आले तरी किमान किती पानांचे पैसे द्यावयाचे, हेंही लिहावें. कारण शिजविलेलें अन्न त्यास परत कोठीत ठेवतां येत नाहीं.

परवान्याकडे आपले लोक ढुंकूनही पाहत नाहींत. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणें जेवणावळीचें काम धंदा म्हणून करणाऱ्यास नोंदणी अथवा परवाना लागतो, आणि त्याचा चौदा आंकड्यांचा क्रमांक असतो. तो करारावर लिहून घ्यावा. परवाना असला म्हणजे बासुंदी नासत नाहीं असें नव्हे. वैशाखांत दुधाचे आणि खव्याचे पदार्थ आदल्या रात्रीं करून ठेवण्याची हौस सोडावी, हें अधिक महत्त्वाचें. पाणी टँकरचें असेल तर टांकी कोठें भरली तें विचारावें. चारशें माणसांस एकदम जुलाब झाले म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांत खाटा पुरत नाहींत.

मंगल कार्यालयाचें भाडें ऐकून निवड करूं नये. वीज मिटरवर वेगळी, सफाई वेगळी, भांडीं वेगळीं, बाहेरचा आचारी आणल्यास त्याचा आकार वेगळा, असें करीत भाड्याची दीडपट होते. पण त्याहूनही आधीं पाहावयाची गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याचे दरवाजे. २३ जानेवारी २००४ रोजीं तामिळनाडूंत श्रीरंगम् येथें एका लग्नमंडपास आग लागून पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत नवरदेवही होता. १९९५ च्या डिसेंबरांत हरयाणांत डबवाली येथें एका विवाहगृहाच्या मांडवांत शाळेचा समारंभ चालूं असतां आग लागून चारशेंहून अधिक बळी गेले. दोन्ही ठिकाणीं माणसें कोंडलीं गेलीं. मांडवाच्या कापडाजवळून गेलेली उघडी तार, स्वयंपाकाच्या भट्टीस लागून असलेला पडदा आणि एकच अरुंद वाट, इतकें सामान एकत्र जमलें कीं आगीस निमंत्रणपत्रिका लागत नाहीं. खेड्यांत तर दिव्यांच्या माळांसाठीं खांबावर सर्रास आंकडा टाकतात. २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमाखालीं ती चोरी आहे, आणि ती मांडवाच्या धन्याच्या गळ्यांत पडते. रोषणाईवाला माळा गुंडाळून मोकळा होतो. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी. जनित्र आणलें तर डिझेल कोणाचें, हें लिहून ठेवावें.

वाजंत्र्यांविषयीं मतभेद होतील हें जाणून आहें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावयाचे आहेत. वरात दहाच्या पुढें गेली आणि पोलिसांनीं यंत्र जप्त केलें तर त्याची नुकसानी कोणी सोसावयाची, हा वाद मीं दोनदां ऐकला आहे. ताशे-सनईवाल्यांस काम द्यावें, असें माझें आपलें मत. तें पैशानें फारसें महाग नाहीं, आणि भिंतींस तडे जात नाहींत.

छायाचित्रकाराशीं बोली करतांना एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढविलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढविणारा असतो. म्हणून त्याच्या छापील अर्जांत हा हक्क तो आपल्याकडे घेत आहे काय, हें पाहावें. आपल्या लेकीसुनांचीं छायाचित्रें त्यानें जाहिरातींत वापरावयाचीं तर लेखी परवानगी घ्यावी, असें कलम घालावें. मूळ चित्रें किती दिवसांत द्यावयाचीं तेंही लिहावें. शेवटचा हप्ता तीं हातीं आल्यावर द्यावा. नाहींतर लग्नाचा अल्बम बारशास मिळतो.

दैवी आपत्तीचें कलम पूर्वीं कोणी घालीत नसे. २०२० च्या मार्चांत देशभर टाळेबंदी झाली आणि चैत्र-वैशाखाचीं सर्व लग्नें अडकलीं. पुढें २०२१ च्या एप्रिलांत तर आपल्या राज्यांत पंचवीस माणसें व दोन तास एवढीच मुभा उरली. हजारोंचे विसार कार्यालयांकडे पडून राहिले. करार कायद्याचें ५६ वें कलम म्हणतें कीं काम अशक्य झाल्यास करार शून्य होतो, आणि ६५ वें म्हणतें कीं अशा करारांत घेतलेला लाभ परत करावा. तथापि पुष्कळांनीं “पुढली तारीख घ्या, पैसे मिळणार नाहींत” हेंच उत्तर ऐकलें. कित्येक कार्यालयवाले स्वतःच बुडत होते, हेंही खरें. त्या अनुभवानंतर तरी पैसे परत कीं तारीख पुढें, हें आधींच ठरवून लिहावें.

आणि फसगत झालीच तर गप्प बसूं नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्याप्रमाणें तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें करतां येते, कंत्राटदाराच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस फी नाहीं. मुदत दोन वर्षांची आहे. वकील असलाच पाहिजे असें नाहीं. पण पावती असली पाहिजे.

हें सर्व कंत्राटदारांविरुद्ध लिहिलें असें कोणी समजूं नये. निम्मे तंटे आपल्याच आळसानें होतात. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा, आणि अक्षता अडीच वाजतां. तोंवर वाजविणारे उन्हांत उभे, भात गार, आणि दुसऱ्या गांवचें संध्याकाळचें काम त्यांच्या हातून जातें. आदल्या दिवशीं दुपारीं निरोप जातो कीं दोनशें पानें वाढवा. गोड पदार्थ आयत्या वेळीं बदलतात, कारण व्याहीबुवांचा फोन आला. काम झाल्यावर मात्र “घरचेंच कार्य होतें, कांहीं कमी करा” म्हणून उरलेल्या रकमेंतून कापाकापी चालते, आणि ती कापणी शेवटीं वाढप्यांच्या व भांडीं घासणाऱ्या बायांच्या रोजावर येऊन पडते. तालुक्यांतला चांगला आचारी कोणाकडे जावयाचें नाहीं हें मनांत लिहून ठेवीत असतो. त्या यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी आपण कधींच करीत नाहीं.

म्हणून बाकी रक्कम कार्याच्या आधींच वेगळी बांधून घरांतल्या एका माणसाच्या स्वाधीन करावी, आणि त्यास त्या दिवशीं मानपानाचें दुसरें कोणतेंही काम देऊं नये. वाजविणारे, वाढपी व मांडवाचीं माणसें ह्यांचीं पानें केव्हां मांडावयाचीं, हें त्यानेंच पाहावें. मांडव उतरण्यापूर्वीं, उजेड आहे तोंवर, खुर्च्या, सतरंज्या व भांडीं दोन्हीं बाजूंनीं मोजून, तुटलें-फुटलें असेल तें त्याच कागदावर लिहून, हिशेब तेथल्या तेथें चुकता करावा आणि त्याखालीं “येणें-देणें राहिलें नाहीं” असें लिहून सही घ्यावी. गाडी सुटल्यावर मग कोणास कांहीं आठवत नाहीं.